सासूला हाकलायची शिरेल

आज सकाळपासून आभाळ भरून आलंय. पाऊस पडणार नाही हे मलाही ठाऊक आणि आभाळालाही. नुसतं गार वारं सुटलंय. उजेड कसा, तर ताकात पाणी घातल्यासारखा. असं चार दिवस राहिलं की तुरीचा फुलोरा गळतो, म्हणून शेतकरी या हवेला शिव्या घालतो. मला मात्र अशी हवा आली की आमचं शूटिंग आठवतं. उजेड नसला की आमचं काम बंद असायचं, आणि काम बंद असलं की तोंडं चालू असायची.

किस्से असेच साठतात बघा. कडब्याच्या गंजीसारखं आहे त्यांचं. रचताना कळत नाही किती रचलं. पुढं कधी एक पेंढी ओढायला जावं तर चार-पाच अंगावर घसरतात. आता एक ओढलीच आहे, तर घसरू द्या.

आमची शिरेल टीव्हीवरची नव्हती, फोनवरची होती. दिलीप नावाचा लातूरचा पोरगा, आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचा. लग्नं काढून काढून कंटाळला आणि म्हणाला, आता लग्नानंतर जे होतं ते काढू. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आमचं गाव. गावाबाहेर मळ्यात एक नवंकोरं स्लॅबचं घर आहे. मालक पुण्याला, राखणीला मी. दिलीप घर बघायला आला तेव्हा मी लिंबाखाली बाजेवर बसलो होतो. तो म्हणाला, "आबा, हलू नका. जरा तसंच बसा." मला वाटलं फोटो काढतोय. बसलो.

पुढं कधीतरी पारावर एकानं मला फोन दाखवला. त्यात त्याच घरासमोर, त्याच बाजेवर मी.

"हे कोण रं?"

"तुमीच की आबा. घराचे मालक. आजोबा."

"मी कवा मालक झालो?"

"कालच्या एपिसोडपासून."

अख्खी हयात दुसऱ्याच्या घराची राखण केली, आणि मालक झालो तो असा, बसल्या जागी.

* * *

दिलीपची लग्नाची सवय काही सुटली नव्हती. एकदा मयताचा सीन होता. शिरेलीतले एक काका वारतात आणि सगळे भोवती बसून रडतात. गावातला एक गडी तिरडीवर निजवला, कापूस-बिपूस लावला. बायकांनी सूर धरला. आमच्याकडच्या बायकांना रडायला शिकवावं लागत नाही, एकीनं सुरू केलं की बाकीच्यांना आपापलं आठवतं. रडणं असं रंगलं की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून दिलीप ओरडला, "मुलाकडचे जरा इकडं सरका. मावशी, पदर नीट करा. हां, सगळे इकडं बघा, आणि स्माइल!"

सगळे हसले. सांगितल्यावर माणूस काय करणार? तिरडीवरचा गडीही हसला.

दिलीपनं मान वर केली, जरा विचार केला आणि म्हणाला, "लई छान आलंय. आता जेवून घ्या."

* * *

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. संवाद मला कुणीतरी वाचून दाखवायचं आणि मी तो डोक्यात धरून बसायचो. एकदा दिलीपनं मला मोठ्ठा संवाद दिला. घर म्हणजे काय, माणुसकी म्हणजे काय, असलं बरंच होतं. सगळं पाठ केलं. कॅमेरा चालू झाला, समोरच्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही काहीच का बोलत नाही?" आणि माझ्या डोक्यातलं सगळं पळालं.

मी म्हणालो, "हं."

दिलीप डोकं धरून बसला. पण उजेड चालला होता, म्हणून तसंच ठेवलं. लोकांना ते इतकं आवडलं, की म्हातारा काय बोलला म्हणून फोनवर शेकड्यानं माणसं लिहायला लागली. तेव्हापासून दिलीपनं लिहिणाऱ्याला सांगून टाकलं, "आबांना डायलॉग देऊ नका. हं द्या."

हे मी घरी आमच्या म्हातारीला कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "जलमभर घरात तेच करायलाव. तवा कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत ते."

* * *

आता सुरेखाचं सांगतो. तिचं सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

शिरेलीत एक खाष्ट सून पाहिजे होती, सासूला घराबाहेर काढणारी. गावात एकही बाई तयार होईना. एक म्हणाली, माझ्या पोरीचं लग्न ठरायचंय. दुसरी म्हणाली, मी करते, पण ती सून मनानं चांगली आहे असं पहिल्याच दिवशी दाखवा. मग आमच्या शेजारची सुरेखा पुढं झाली. बारावी झालेली पोरगी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये काम केलेली. लग्न झाल्यापासून घर, निंदण आणि सोयाबीन, एवढंच. नवरा सुभाष काळी-पिवळी जीप चालवतो, शिरूर ते लातूर. मनानं वाईट नाही, पण लोकांचं बोलणं कानाआड करायला जमत नाही त्याला. तो म्हणाला, "आई संगं जाणार असंल तर जाऊ दे."

त्याची आई म्हणजे वच्छलावहिनी. माहेर किल्लारीचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता वहिनीही नाहीत. त्या सुनेबरोबर पहिल्या दिवशी मळ्यात आल्या, त्या सूप आणि निवडायची तूर घेऊन. दिलीपनं विचारलं, "या कोण?"

"माज्या सासूबाई," सुरेखा म्हणाली.

"झालं," दिलीप म्हणाला. "सासू शोधायची मेहनत वाचली."

पहिलाच सीन हाकलायचा. सुरेखानं सासूचा दंड धरायचा, उंबऱ्याबाहेर ढकलायचं आणि म्हणायचं, चालती हो माझ्या घरातून. कॅमेरा सुरू झाला. वहिनी समोर आल्या, आणि सुरेखाचा हात दंडाकडं जायच्या आधी पदराकडं गेला. डोक्यावर पदर घेऊन ती म्हणाली, "चालत्या व्हा बरं तुमी."

"ताई, हाकलायचंय," दिलीप म्हणाला. "हळदीकुंकवाला बोलवायचं न्हाई."

"काय करू ओ? आत्या म्होरं आल्या की हात आपोआप डोक्यावर जातोय."

पुन्हा घेतलं, पुन्हा पदर. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. शेवटी वहिनीच वैतागल्या. "अगं हाकल की गं माय एकदाची! ऊन चढायलंय. मला म्हशीला पाणी पाजायचंय घरी जाऊन."

तेव्हा कुठं सुरेखानं ढकललं. पण असं ढकललं की वहिनी अंगणापर्यंत गेल्या, आणि दिलीपनं कट म्हणायच्या आत ही त्यांच्यामागं पळाली. "लागलं का ओ आत्या?"

त्या दिवशी परत येताना ती मला म्हणाली, "आबा, गावात मी सुभाषची बायको. रानात वच्छलाबाईची सून. हितं आलं की मला नावानं हाक मारतेत. सुरेखाताई, तयार का, म्हणतेत. हे काम टिकलं पाहिजे बगा."

तेव्हापासून मलाही घोर लागला. कारण सुभाषचं मन फार दिवस थाऱ्यावर राहणार नाही, हे मला दिसत होतं.

* * *

आमच्या शिरेलीचा एक नियम होता. ज्याला सुट्टी पाहिजे, तो शिरेलीत पुण्याला जायचा. कुणाच्या घरी बारसं निघालं, पाठवा पुण्याला. कुणाचा दात दुखतोय, पुण्याला. समोरच्यानं विचारायचं, "काका कुठं गेले?" आणि दुसऱ्यानं सांगायचं, "पुण्याला गेले." काम झालं.

मग सोयाबीनची रास निघाली. सगळे मळणीयंत्रामागं. दिलीप कॅमेरा घेऊन मळ्यात आला तर तिथं फक्त मी. म्हणाला, "हरकत न्हाई आबा. आज तुमी आणि म्हैस."

मी बाजेवर बसलो, शेजारी वच्छलावहिनींची म्हैस बांधली. मी तिला सगळं घर पुण्याला गेल्याचं सांगायचं. संवाद दिला नव्हता, त्यामुळं मी हं म्हणालो. म्हशीनं माझ्याकडं बघून कान हलवला. खाली दिलीपनं लिहून टाकलं, सगळं घर पुण्याला गेलं. तो एपिसोड लई चालला. आमच्या म्हातारीचं म्हणणं पडलं की म्हशीनं जास्त चांगलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी खऱ्या मालकांचा पुण्याहून फोन. "आबा, घरातले सगळे इकडं निघालेत म्हणे? कळवत तरी जा. स्वयंपाक करून ठेवला असता."

* * *

सुरेखाच्या शिरेलीतल्या नवऱ्याचं काम राहुल करायचा. नांदेडचा पोरगा, एसटीत कंडक्टर. सुट्टी असली की यायचा. काम सोपं होतं त्याचं. बायको आईला बोलत असताना कोपऱ्यात उभं राहायचं आणि खाली बघायचं. खाली बघण्यात तो इतका तयार झाला होता की दिलीप त्याला म्हणायचा, "राहुल, जरा वर बघ, थोबाड दिसू दे."

त्याची ड्युटी नांदेड-लातूर गाडीवर. एकदा बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. राहुल आपला तिकिटं फाडत ओरडतोय, "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय."

पुढच्या बाकड्यावरची एक म्हातारी वळली. त्याच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "आता लोकायला सांगायलास व्हय पुढं सरका? तिकडं बायकू आईला ढकलत हुती तवा तू का न्हाई सरकलास?"

गाडीतली माणसं अशी हसली की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. राहुल सांगत होता, "आबा, मी तिला तिकीट दिलं अन् पार लातूर येईपर्यंत खालीच बघत हुतो."

* * *

राहुलचं हसण्यावारी गेलं. सुरेखाचं तसं नव्हतं. ती गावात राहत होती.

एकदा ती गिरणीवर दळण घेऊन गेली. बायका बोलत होत्या त्या गप्प झाल्या. हिनं डबा रांगेत ठेवला. एका आजीनं पायानं तो मागं सारला. "आदी सासूचं पीठ दळ, मग तुजं," म्हणाली.

"आजी, एकाच डब्यात हाय ओ दोघींचं."

"तेच तर. तिच्या वाट्याला किती येतंय कुणास ठावं."

सुरेखा न दळताच परत आली. घरी येऊन डबा तसाच ठेवला, वहिनींना तो बघून कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डबा डोक्यावर घेतला. म्हणाल्या, मी जाते, मला बघून तरी त्यांची तोंडं बंद होतील.

वहिनी गिरणीच्या दारात पोचल्या, तशी तीच आजी बाकीच्या बायकांना म्हणाली, "बगा गं बायांनो. ह्या वयात डबा वाहायला लावला म्हातारीला."

* * *

पण सगळ्यात मोठं वादळ आलं ते नायगावहून, सकाळच्या एसटीनं. वहिनींची लेक सुमन तिकडं नायगावला दिलेली. तिनं फोनवर तो हाकलायचा एपिसोड पाहिला आणि रिकामी पिशवी घेऊन थेट माहेरी आली. मी भिंतीच्या अलीकडं होतो, म्हणून सगळं ऐकलं. आमची भिंत एवढी ठेंगणी आहे की न ऐकायचं ठरवलं तरी जमत नाही.

वहिनी अंगणातल्या चुलीपाशी बसून जेवत होत्या. सुरेखा तव्यावरची भाकर त्यांच्या ताटात टाकत होती.

"ऊठ आई," सुमन म्हणाली. "लुगडी कुठं हायत तुजी?"

"का गं? कुठं जायचं?"

"नायगावला. मी बगितलंय सगळं."

"अगं, ते शूटिंग असतंय."

"असू दे. ढकललं का न्हाई तुला?"

"ढकललं."

"रडलीस का न्हाई तू?"

"रडले. डोळ्यात औषध घालतेत त्यासाठी."

"तू अशीच बोलणार. तुला हितं ऱ्हायचंय ना हिच्या हाताखाली."

सुरेखा बिचारी मधे पडली. कपबशी पुढं केली. "वन्सं, लांबून आलाव. आदी च्या घ्या."

सुमननं कपाकडं बघितलं, मग आईकडं. "बगितलंस? शिरेलीत बी ढकलायच्या आदी च्याच दिला हुता."

आई काही हलली नाही म्हटल्यावर सुमन दुपारच्या गाडीनं परत गेली. पण जाताना स्टँडवर भावाला गाठलं. नायगावात माझ्या सासरची माणसं तोंडावर हसतात, म्हणाली. तुला लाज कशी वाटत नाही, म्हणाली.

* * *

सुभाष आधीच तापलेला. त्याच्या जीपमधली माणसं त्याला रोज डिवचायची. कुणी म्हणायचं, "सुभाष, आज आईला कुठल्या स्टॉपवर सोडायचंय?" कुणी म्हणायचं, "गाडी हळू घे बाबा, घरी लवकर पोचलास तर तुला बी हाकलील." बहीण बोलून गेल्यावर त्याचं मन पुरतं फिरलं. घरी येऊन आरडाओरडा केला नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "उद्यापासून शूटिंग बास."

सुरेखा वाद घालणारी नव्हती. तिनं शूटिंगचं लुगडं धुतलं, घडी घातली आणि ठेवून दिलं.

दिलीप समजूत घालायला आला. सुभाष म्हणाला, "तिला बी पाठवा की पुण्याला."

"ती पुण्याला गेल्यावर सासूला हाकलील कोण?"

"दुसरी बगा."

दिलीपनं दुसरी शोधली, मिळाली नाही. मळ्यात आम्ही नुसते बसून राहायचो. राहुल यायचा, कुणीच नाही ज्याच्यासमोर खाली बघावं, म्हणून माझ्यासमोर बघत बसायचा. दिलीप म्हणाला, आठवडाभर वाट बघतो, नाहीतर गाशा गुंडाळून परत लग्नं धरतो.

इकडं सुरेखा अंगणात काहीबाही करत असायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. एकदा भिंतीवरून मी हाक मारली, "सुरेखा."

ती लगबगीनं आली. "काय आबा? काम हुतं का?"

"न्हाई. उगंच हाक मारली."

ती भिंतीपाशी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, दिलीपदादाला दुसरी मिळाली का?"

"न्हाई."

"मिळंल," म्हणाली, आणि खराटा घेऊन आत गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. सुभाष जीप घेऊन स्टँडवर गेला, आणि थोड्या वेळानं वच्छलावहिनी बगलेत गाठोडं मारून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"वयनी, कुठं चाललाव?"

"आले की. हितंच यायचं हुतं."

"मंजी?"

"घर सोडलं."

आमच्या म्हातारीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्याबरोबर मेथीची जुडीही. म्हणाली, "बसलाच हाव तर निवडा." दोघी मेथी निवडत बसल्या.

सुरेखा रडतच धावत आली. "आत्या, माजं काय चुकलं ओ?"

"तुजं काय न्हाई बाई. तू घरात जाऊन बस. तुला आता काम न्हाई, घरातच बसायचं असतंय."

तोवर गावभर झालं. स्टँडवर कुणीतरी सुभाषला सांगितलं, तुझी आई गाठोडं घेऊन घराबाहेर पडली. आई घर सोडून जाणार ती माहेरी, असं त्यानं धरलं आणि जीप किल्लारीकडं वळवली. जीपमध्ये लातूरची माणसं भरलेली. शेवटी एका बाईनं विचारलं, "बाबा, आज लातूर कुणीकडून आणायलास?"

किल्लारीला मामाच्या घरी आई नव्हती. माणसांना लातूरला सोडून तो परत आला तेव्हा दुपार टळत आली होती. दारात गाडी उभी केली आणि बघतो तर आई भिंतीच्या पलीकडं, आमच्या ओट्यावर, मेथी संपवून आता शेंगा फोडत बसलेली.

आमच्या दारापुढं निम्मं गाव. गिरणीवरची ती आजी सगळ्यांत पुढं. "सुनंनं शेवटी खरंच हाकललं," असं ती कुणालातरी सांगत होती.

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सुनंनं न्हाई. सुनंचं काम सुटलंय, ती कशाला हाकलंल? माज्या लेकाला इचारा."

सुभाष जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "आई, घरी चल. लोकं बघायलेत."

"बघू दे. कालपातूर म्हणत हुते सुनंनं हाकललं. आता म्हणतील लेकानं हाकललं. तुला कंचं परवडतंय ते तू बग."

सुभाष आमच्या पायरीवर बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. लोकांकडं बघितलं, मग भिंतीपलीकडं बघितलं. तिथं सुरेखा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"तुला पाहिजे तरी काय आई?"

"मला काय नको. दिलीप हाय का गेला तेवढं बगून ये."

वहिनी शेंगा फोडत राहिल्या. कुणी कुणाला घाई केली नाही. मग त्यानं टोपी घातली, उठला, लोकांमधून वाट काढत स्वतःच्या अंगणात गेला. त्याचा आवाज आम्हाला इकडं ऐकू आला.

"सुरेखा, चल. गाडी लावलीय."

"कुठं?"

"मळ्यात. आणि कुठं?"

ती आत गेली आणि ते घडी घातलेलं लुगडं पिशवीत घालून बाहेर आली. ओट्यासमोर थांबली. वहिनीच म्हणाल्या, "जा. तुज्यासाठी माणसं खोळंबलीत."

रोज गाडीत पुढच्या सीटवर पुरुष माणसं बसतात. त्या दिवशी पुढं सुरेखा बसली. जीप स्टँडवरून, गिरणीवरून, पारावरून गेली. मळ्याकडं जायला जवळची वाट होती, पण सुभाषनं ती घेतली नाही. गाडी दिसेनाशी झाली तशी माणसं आपापल्या घरी गेली. गिरणीवरची आजी तेवढी जरा रेंगाळली, काहीतरी राहून गेल्यासारखी.

वहिनींनी पदरातली टरफलं झटकली, गाठोडं उचललं. आमची म्हातारी म्हणाली, "आता जेवूनच जावा की."

"नको. घर उघडंच टाकून आले."

पायऱ्या उतरून त्या खाली गेल्या. मग काय वाटलं कोण जाणे, थांबल्या, माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "भावजी, घर सोडणं लई सोपं असतंय की ओ. आमची सासू जाच करायची तवा मला कुणी सांगितलंच न्हाई बगा."